चेंडूला मारू नका!

तर मंडळी, आज एक कबुली द्यायची आहे. आणि कबुलीच्या निमित्ताने थोडं प्रवचनही झोडायचं आहे. शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, चहा झालाय आणि पोरं आजीकडे गेलीयेत. एवढी सुखं एकदम मिळाल्यावर माणूस प्रवचन देणार नाही तर काय करणार?

विषय आहे बंकर. म्हणजे गोल्फच्या मैदानावर तो वाळूचा खड्डा असतो ना, तो. त्यातून चेंडू बाहेर कसा काढावा, आणि आमच्यासारख्या रविवारच्या खेळाडूंना तो का काढता येत नाही, याबद्दल माझी काही ठाम मतं तयार झाली आहेत.

गोल्फचं नाव काढलं की निम्मे लोक नाक मुरडतात, कल्पना आहे मला. मीही मुरडायचो. गोल्फ म्हणजे रिटायर्ड कर्नल आणि बिल्डर लोकांचा टाइमपास, आपण बरे आणि आपलं गल्लीतलं क्रिकेट बरं, असं माझं स्पष्ट मत होतं. मग ऑनसाइटला गेलो. कॅलिफोर्नियात अपार्टमेंटपासून दहा मिनिटांवर एक म्युनिसिपल कोर्स होता. तिथे शनिवारी प्लंबर, ट्रक ड्रायव्हर, शाळेतले मास्तर असे सगळे यायचे. बादलीभर चेंडू घ्यायचे आणि हिरव्या मॅटवरून लांब लांब मारत बसायचे. त्या बादलीने माझा घात केला. पुण्यात परत आलो तेव्हा सामानात एक जुना गोल्फसेट होता आणि डोक्यात कायमचा किडा.

आता रविवारी पहाटे सहाला खेळतो. हॅन्डिकॅप २२. ज्यांना कळतं त्यांनी हसून घ्या. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी: चांगला खेळाडू जिथे ७२ फटक्यांत अठरा होल्स संपवतो, तिथे मला नशीब जोरावर असेल त्या दिवशी ९४-९५ लागतात. नशीब जोरावर नसेल त्या दिवसाबद्दल आपण बोलायला नको.

नाही, खरं म्हणजे त्याच दिवसाबद्दल बोलायचं आहे.

*

माझा हॉस्टेलचा रूममेट आणि मी, आमची गेली काही वर्षं मॅच असते. मॅचप्ले, म्हणजे एकूण फटके मोजायचे नाहीत, प्रत्येक होल कोण जिंकलं ते मोजायचं. पैज साधी. हरेल त्याने मिसळ खिलवायची. पण मिसळीपेक्षा पुढचा आठवडाभर व्हॉट्सअॅपवर जी निघते ती भयंकर असते. हॉस्टेलात आम्ही एकमेकांची असाइनमेंट कॉपी केली, एकमेकांचे टॉवेल वापरले, त्यामुळे एकमेकांची इज्जत ठेवायचं बंधन कोणावरच नाही.

त्या रविवारी चौदाव्या होलला सामना बरोबरीत होता. माझा दुसरा फटका ग्रीनच्या अलीकडच्या बंकरमध्ये गेला. हा बंकर चांगला खोल आहे. आत उतरलं की समोरची कड छातीपर्यंत येते. ग्रीन दिसत नाही, झेंड्याचं फक्त वरचं टोक दिसतं. आणि मुख्य म्हणजे ग्रीनवरून आतला माणूस दिसत नाही.

पहिला फटका: चेंडूच्या हातभर मागे क्लब रुतला. चेंडू जागचा हलला नाही. दुसरा: कडेला आपटून परत पायाशी. तिसरा: तोच प्रकार. चौथ्याला मी डोळे मिटूनच मारला असावा. चेंडू अर्धी चढण चढला, क्षणभर थांबला, मला नीट बघून घेतलं आणि परत खाली आला.

मग मी एक गोष्ट केली. चेंडू हातात उचलला, थोडी वाळू मुठीत घेतली आणि दोन्ही एकदम वर ग्रीनवर भिरकावलं. वर आलो आणि म्हणालो, "एक अडकला रे, दुसऱ्यात निघाला." दोन पट करून सहा सांगितले. रूममेटचेही सहाच. होल बरोबरीत सुटलं. अठराव्याला मी मॅच एका होलने जिंकली आणि त्याच्या पैशाने मिसळ खाल्ली. तर्रीची चवच लागली नाही, एवढं आठवतं.

हे बघणारा एकच माणूस होता. आमचे कॅडी काका. साठीला आलेले, बारीक, कमी बोलणारे. मी चेंडू फेकला तेव्हा ते बंकरच्या काठावर उभे होते. त्यांनी काही म्हणजे काही म्हटलं नाही. दंताळं घेऊन (रेकला ते दंताळंच म्हणतात) आत उतरले आणि चारही खड्डे शांतपणे बुजवले. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं असं मला नंतर आठवडाभर वाटत राहिलं.

गंमत पुढे आहे. मी नियम घरी येऊन वाचले. (आपण मॅन्युअल नेहमी सिस्टिम कोसळल्यावरच वाचतो.) एक तर मॅचप्लेमध्ये चेंडू उचलून "होल तुझं" म्हटलं असतं तर फक्त एक होल गेलं असतं, बाकी काही नाही. दुसरं म्हणजे २०१९ पासून नियम असा आहे की चेंडू बंकरमधून खेळण्यासारखा नाही असं तुम्हाला वाटलं, तर दोन स्ट्रोकचा दंड घेऊन तो राजरोस बंकरच्या बाहेर, झेंड्याच्या रेषेत मागे ड्रॉप करता येतो. कोणाला विचारावं लागत नाही, कारण सांगावं लागत नाही. म्हणजे मी वाळूत घालवलेल्या फटक्यांच्या निम्म्यात इज्जतीने बाहेर आलो असतो. चोरी केली ती केली, आणि वर तोट्याची केली!

*

पण मग प्रश्न पडला की मी असं का केलं? मिसळीसाठी? छे. मी ऑफिसात मोठमोठ्या चुका सर्वांसमोर कबूल केल्या आहेत. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन पाडून, "हो, माझ्याच कोडमुळे पडलं" असं कॉलवर सांगितलंय. मग त्या खड्ड्यात एवढं काय झालं?

माझं उत्तर असं: त्या खड्ड्यात आपण काय करतोय हे मला माहीतच नव्हतं. कोड पडला तर लॉग बघायचा, रोलबॅक करायचा, हे ठाऊक असतं. बंकरमध्ये मी नुसता आशेवर होतो. आणि ज्याला काय करायचं ते ठाऊक नाही, ज्याच्याकडे लोक बघताहेत (किंवा बघत नाहीयेत!), तो माणूस कशालाही तयार होतो. म्हणून माझं म्हणणं आहे की हौशी खेळाडूने बंकर शिकून घेणं हा नुसता स्कोअर सुधारण्याचा मामला नाही. ही भीती घालवण्याची गोष्ट आहे.

आणि यातला विनोद असा की ग्रीनजवळच्या बंकरमधला फटका हा एका अर्थाने गोल्फमधला सर्वांत क्षमाशील फटका आहे. गवतावर क्लब चेंडूच्या अर्धा इंच मागे लागला तरी फटक्याचा विचका होतो. वाळूत तुम्ही चेंडूच्या एक इंच मागे मारा, दोन इंच मागे मारा, तीन इंच मागे मारा, चेंडू बाहेर येतो. कारण तिथे चेंडूला मारायचंच नसतं. मारायचं वाळूला. क्लब चेंडूखालून जातो, वाळूचा एक पातळ थर उडवतो आणि चेंडू त्या वाळूवर बसून बाहेर येतो. क्लबचा आणि चेंडूचा नीट चाललेल्या फटक्यात स्पर्शही होत नाही.

हे सगळं मला वाचून माहीत होतं. व्हिडिओ तर किती पाहिले असतील देव जाणे. पण माहीत असणं आणि विश्वास असणं यात फरक आहे. पंधरा वर्षं क्रिकेट खेळलेल्या माणसाला 'चेंडूला मारू नकोस' हे डोक्याला पटतं, हाताला पटत नाही. हात ऐन वेळी चेंडूकडेच जातो. आणि मनात धाकधूक असली की एवढा मोठा स्विंग घेऊन आपण नेमकं वाळूपाशी येताना ब्रेक मारतो. 'फार लांब गेला तर?' वाळू जड असते. ब्रेक मारलेला क्लब तिच्यात रुतून बसतो. बास, चेंडू तिथेच.

*

पुढच्या रविवारी काका मला पार्किंगमध्येच भेटले. म्हणाले, "साहेब, पुढच्या वेळेस अर्धा तास आधी या." बाकी चौदाव्या होलचा विषय नाही. मी गेलो.

कोर्सच्या कोपऱ्यात एक सरावाचा बंकर आहे. मी इतकी वर्षं त्याच्या शेजारून गेलोय, पण त्यात उभं असलेलं कोणी क्वचितच दिसलं. ड्रायव्हिंग रेंजवर रांग असते, तिथे सगळे हिरव्या मॅटवरून आभाळात चेंडू मारत असतात. मॅटवर वाळू नसते. म्हणजे आपण ज्या गोष्टीला सर्वांत जास्त घाबरतो तिचा सराव शून्य, आणि मग परीक्षेत तोच प्रश्न आला की पेपर अवघड होता म्हणून ओरडायचं.

काकांनी चेंडू काढलाच नाही. बोटाने वाळूत एक लांब रेघ ओढली आणि म्हणाले, "ही पुसा."

"चेंडू?"

"चेंडूचं काय काम आहे? रेघ पुसा."

दहा वेळा मारलं. तीनदा रेघ पुसली. बाकी वेळा कधी अलीकडे, कधी पलीकडे. तेव्हा कळलं की माझा क्लब वाळूत कुठे उतरतो हे मलाच माहीत नाही. चेंडू मध्ये असता तर हे कधीच कळलं नसतं. मी चेंडू कुठे गेला ते बघत बसलो असतो. आम्ही इंजिनिअर लोक याला एक वेळी एकच व्हेरिएबल बदलणं म्हणतो. काकांनी हे कुठल्या कॉलेजात शिकलं नव्हतं. अकराव्या वर्षी कॅडी झाले. सोमवारी कोर्स बंद असायचा तेव्हा कोणाच्या तरी टाकून दिलेल्या तुटक्या क्लबने पोरं मिळून खेळायची. आपल्याकडे हा इतिहास मोठा आहे बरं का. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणाऱ्या दिल्लीच्या अली शेरची सुरुवातही कॅडी म्हणूनच झाली होती.

मग काका म्हणाले, "आता आवाज ऐका. तुमचा आवाज खच्च येतोय. विहीर खणताय का? आवाज थप्प आला पाहिजे. घरी भाकरी थापतात तसा."

आणि एक मारून दाखवला. थप्प! वाळूचा पदर उडाला, खाली उथळ, लांबट, ताटलीएवढी खूण. माझ्या खुणा बघितल्या तर प्रत्येक ठिकाणी आळं केल्यासारखा खड्डा. झाड लावायचंच बाकी.

या खच्च आणि थप्पमध्ये अख्खं शास्त्र आहे, ते जरा सांगतो. सँड वेजचा तळ नीट बघा. त्याची मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली असते. याला बाउन्स म्हणतात. साधारण सँड वेजचा लॉफ्ट ५६ अंशांच्या आसपास आणि बाउन्स १० ते १४ अंश असतो. पुढची धार आधी वाळूत गेली तर क्लब कुदळीसारखा रुततो: खच्च. मागचा फुगीर तळ आधी टेकला तर क्लब वाळूवरून घसरत निघून जातो: थप्प. लहानपणी तळ्यावर चपटे दगड फेकून आपण पाण्यावर भाकऱ्या काढायचो ना, दगड पसरट पडला तर टप टप टप जातो आणि धारेवर पडला तर बुडतो, तसंच हे. म्हणून बंकरमध्ये क्लबचा चेहरा आभाळाकडे थोडा उघडायचा असतो. उघडला की बाउन्स वाढतो. फक्त आधी क्लब उघडायचा आणि मग ग्रिप पकडायची. उलट केलं तर फटक्याच्या वेळी मनगट क्लबला परत सरळ करतं. (मी पाच वर्षं उलट करत होतो.)

ही करामत एका माणसाच्या डोक्यातून निघाली असं म्हणायला हरकत नाही. जीन साराझेन नावाचा अमेरिकन खेळाडू. विमान चालवायला शिकताना शेपटीचा भाग खाली गेला की नाक वर उचललं जातं हे त्याने पाहिलं, आणि क्लबचंही असंच करता येईल असं त्याला सुचलं, असं तो सांगत असे. त्याने क्लबच्या मागच्या बाजूला धातू डकवून तळ जाड केला. १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या सँडविच गावाजवळच्या प्रिन्सेस कोर्सवर तो हाच क्लब घेऊन गेला आणि ब्रिटिश ओपन जिंकला. थोडक्यात, बंकरमधून बाहेर यायचं यंत्र तयार होऊन नव्वदच्या वर वर्षं झाली. ते आपल्या बॅगेतच आहे. आपण फक्त ते उलटं वापरतो.

शेवटी काका म्हणाले, "दहाची नोट आहे का साहेब?"

माझ्याकडे कुठली नोट! खिशात फक्त मोबाइल. काकांनी स्वतःची काढली, वाळूत लांबीच्या दिशेने ठेवली, वर चिमूटभर वाळू टाकली आणि बरोबर मधोमध चेंडू ठेवला. "नोट उडवा. चेंडू आपोआप येईल."

दहाची नवी नोट १२३ मिलिमीटर लांब असते. म्हणजे चेंडूच्या मधापासून मागे सहा सेंटिमीटर आणि पुढे सहा सेंटिमीटर. क्लबने मागच्या टोकाला वाळूत जायचं आणि पुढच्या टोकाला बाहेर यायचं. यापेक्षा सोपी स्पेसिफिकेशन मला आयुष्यात मिळालेली नाही. क्लायंटकडून तर नाहीच.

सातव्या की आठव्या प्रयत्नाला आवाज आला: थप्प. नोट उडाली, आणि चेंडू तिच्यासोबत अलगद वर येऊन गवतावर पडला. मी लहान पोरासारखा काकांकडे बघितलं. काका नोट शोधत होते.

*

आता प्रवचन.

माझं पहिलं मत: हौशी खेळाडूला आणखी टिप्स नकोत. पाय थोडे डावीकडे रोखा, चेंडू पुढच्या पायाच्या बाजूला ठेवा, वजन पुढच्या पायावर ठेवा, पाय वाळूत जरा घुसळून घट्ट उभे राहा (याला नियमांची परवानगी आहे, शिवाय पायाला वाळू किती खोल आणि किती मऊ आहे ते कळतं), आणि फॉलो-थ्रू पूर्ण करा. संपलं. हे पाच मिनिटांत सांगून होतं. ते हातात यायला मात्र वाळूत उभं राहावं लागतं. रेंजवर एक तास घालवत असाल तर त्यातली वीस मिनिटं वाळूत घाला. मी वहीत लिहून ठेवतो (सवय!). पहिल्या रविवारी वीसपैकी सहा बाहेर आले होते, पाचव्या रविवारी पंधरा. यात प्रतिभेचा काही संबंध नाही. मी तेवढाच अडाणी आहे.

दुसरं मत, आणि यावर माझं मित्रांशी भांडण होतं: बंकरमध्ये झेंड्याकडे बघायचं नाही. टीव्हीवरचे लोक चेंडू झेंड्याच्या हातभर अंतरावर थांबवतात, म्हणून आपणही तेच करायला जातो. पण जगातले उत्तमोत्तम व्यावसायिकसुद्धा ग्रीनजवळच्या बंकरमधून एक फटका आणि एक पट असं काम साधारण निम्म्याच वेळा उरकतात. हे त्यांचं पोटापाण्याचं काम आहे हो! आपलं उद्दिष्ट एकच. पहिल्या फटक्यात बाहेर, ग्रीनवर कुठेही. मग दोन पट. ग्रीनचा सर्वांत रुंद भाग बघा आणि तिकडे मारा, झेंडा दुसऱ्या टोकाला असला तरी. आणि स्विंग भरपूर मोठा घ्या. गवतावरून तेवढ्याच अंतराला लागेल त्याच्या दुप्पट-तिप्पट, कारण जोर वाळू खाते. ब्रेक मारायचा नाही.

जास्त हाव केली की काय होतं याची उदाहरणं मोठ्या लोकांचीच आहेत. २००३ ची ब्रिटिश ओपन, रॉयल सेंट जॉर्जेस. (साराझेनच्या त्या कोर्सच्या अगदी शेजारी!) डेन्मार्कचा थॉमस ब्यॉर्न पुढे होता. सोळाव्या होलला तो बंकरमध्ये गेला. दोनदा चेंडू वर चढला आणि परत घरंगळत त्याच्या पायाशी आला. तिसऱ्यांदा बाहेर निघाला. शेवटी ब्यॉर्न एका फटक्याने हरला. १९७८ मध्ये सेंट अँड्र्यूजला जपानचा नाकाजिमा ग्रीनवर होता. त्याचा पट घरंगळत प्रसिद्ध रोड होल बंकरमध्ये गेला, बाहेर यायला त्याला चार फटके लागले आणि त्या होलला त्याचे नऊ झाले. चार फटके, माझ्याएवढेच. फरक इतकाच की सगळं जग बघत असताना त्याने चारही मोजले.

तिसरं मत: वाळू बघून ठरवा. सगळीकडे एकच फटका चालत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात बंकर भिजून फरशीसारखे कडक होतात. तिथे उघडा चेहरा आणि भरपूर बाउन्स घेऊन गेलात तर क्लब वाळूवरून उसळतो, थेट चेंडूच्या पोटात बसतो आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडे. अशा वेळी चेहरा फार उघडू नका, स्विंग छोटा ठेवा, हवं तर पिचिंग वेज घ्या. पाणी साचलं असेल तर बंकरच्या आतल्या आत फुकट रिलीफ मिळतो, तो घ्या. बाहेर यायचं असेल तर एक स्ट्रोक द्यावा लागतो. चेंडू वाळूत रुतून हाफ फ्राय झाला असेल (गोल्फवालेही त्याला तळलेलं अंडंच म्हणतात) तर मात्र उलट. क्लब सरळ ठेवा, धारेला रुतू द्या, वरून खाली मारा. तिथे खच्चच हवं! चेंडू बाहेर येऊन लांब पळेल, तेवढी जागा धरून चाला. आणि पुढची कड अगदीच बसकी असेल, वाळू कडक असेल, तर सरळ पटर काढा. लोक हसतील. हसू दे.

एवढं करूनही जमण्यासारखं नसेल, तर दोन स्ट्रोक देऊन बाहेर या. त्यात कमीपणा नाही. नियम करणाऱ्यांनी तो दरवाजा आपल्यासारख्यांसाठीच ठेवलाय असं मी मानतो. फटका मारण्याआधी क्लब चेंडूच्या मागे-पुढे वाळूला लावायचा नाही, तिथे सरावाचा स्विंग वाळूला घासायचा नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. त्यालाही दंड आहे.

*

राहिली कबुली.

पाच-सहा आठवड्यांनी मिसळ खाताना मी रूममेटला सांगून टाकलं. चौदाव्या होलला मी चेंडू हाताने फेकला होता म्हणून. तो पाव मोडत होता, तसाच मोडत राहिला.

"माहितीये मला."

"काका बोलले?"

"काका कशाला बोलतील? मी ग्रीनवर होतो, तू दिसत नव्हतास, पण बहिरा नाहीये ना मी. चार वेळा खच्च ऐकू आलं. पाचव्यांदा आवाजच आला नाही, आणि चेंडू वर आला."

मी गप्प. मग म्हटलं, "लेका, तेव्हाच बोलला का नाहीस?"

"म्हटलं, सांगशील तू. जरा उशीरच केलास." आणि बिल माझ्याकडे सरकवत म्हणाला, "त्या दिवशीचंही दे. व्याजासकट."

दिलं. तर्री झणझणीत होती, नाकातून पाणी आलं. तर्रीमुळेच.

आता बंकरमधून निघताना दंताळं मीच मारतो. काका आधी नको नको म्हणाले, आता काठावर उभे राहून बघतात. आपल्या खुणा आपण बुजवायच्या, आणि बुजवताना मोजायच्या. परवा त्याच चौदाव्या होलला, त्याच बंकरमध्ये गेलो होतो. दोन लागले. वर येऊन सांगितले दोन. रूममेट म्हणाला, "हो, दोनच ऐकू आले."

होल हरलो. असो. पाऊस थांबलेला दिसतोय. उद्या वाळू कडक असणार.